चौकटीतली साळूमावशी

११ जानेवारी, रविवार

चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. मंडळीचं यूट्यूब चॅनेल सुरू होऊन वर्ष झालं आणि बघणारे तीस-पस्तीसच. त्यातले निम्मे आम्हीच, घरी जाऊन व्हिडिओत स्वतःला शोधणारे. चित्रीकरण ते मोबाईलवर करतात, ते तसंच चालेल. मी फक्त थंबनेल आणि शीर्षकं करायची. मी श्रीरामपूरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा लोकांना आत ओढतील असे चार शब्द मला सुचतीलच, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. हो म्हणताना बरं वाटलं, तेही लिहून ठेवते. देवाचं काम मिळालं म्हणून बरं वाटलं की माझ्या शब्दांची कुणाला गरज पडली म्हणून, ते ठरवता आलं नाही.

आजवरची सगळी शीर्षकं सारखीच आहेत: 'उपासना' आणि पुढे तारीख. चित्रात माईक आणि पाळकसाहेबांची अर्धी हनुवटी.

१५ जानेवारी, गुरुवार

हे दिवस दुसऱ्यांची चॅनेलं बघण्यात गेले. शिकले ते असं. मोबाईलवर चित्र बोटाच्या पेराएवढं दिसतं, म्हणून त्यात एकच गोष्ट हवी, आणि ती शक्यतो चेहरा. डोळे बघणाऱ्याकडे हवेत. अक्षरं मोठी, काळ्यावर पिवळी, तीन-चार शब्दांच्या वर नकोत. शीर्षकात सगळं सांगून टाकायचं नाही, थोडं हातचं राखायचं.

हे शेवटचं मला अडतं. एका चॅनेलवर होतं, 'हे ऐकल्याशिवाय झोपू नका'. ऐकलं, तर आत दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर, साधं प्रवचन. त्या माणसाला खोटारडा म्हणता येत नाही, पण मला फसवल्यासारखं वाटलं. मी स्वतःपुरते दोन नियम केले. चित्रात जे आहे ते व्हिडिओत असलंच पाहिजे. शीर्षकात प्रश्न असेल तर त्याचं उत्तर आत मिळालंच पाहिजे.

अमृतला सांगितलं तर म्हणाला, "मग तुझ्या तिसाचे एकतीस होतील." नवऱ्याने एवढं कौतुक केलं तरी पुष्कळ झालं.

२५ जानेवारी, रविवार

आज साळूमावशी उजागरे प्रार्थनेला उठल्या. त्या उठल्या की बायका मुलांना मांडीवर घेतात आणि पुरुष घड्याळं बघतात. वस्तीतलं एकेक घर त्या नावानिशी देवापुढे ठेवतात. कुणाची म्हैस, कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं जमत नाही ते. मध्ये श्वास घेतला की सगळ्यांना वाटतं संपलं, तेवढ्यात पुढचं घर सुरू होतं. लंकाबाईने आज मागून मोठ्याने 'आमेन' म्हणून पाहिलं. उपयोग झाला नाही.

स्वतःचं घर मात्र त्या घेत नाहीत. घरात त्या एकट्याच. नवरा रंगनाथ कबरस्थानात, मुलगा कल्याण पुण्याकडे कंपनीत. कल्याणने काष्टीकडची, आपल्या धर्माबाहेरची मुलगी केली. तो तिला घेऊन दारात आला तेव्हा मावशींनी आतून कडी लावून घेतली. सगळी वस्ती बघत होती. त्यानंतर तो आला नाही, त्याचा फोन नाही. त्याला सहा वर्षं होतील.

मोबाईल आज योगायोगाने बायकांच्या बाजूला लावला होता.

२८ जानेवारी, बुधवार

साळूमावशींची प्रार्थना वेगळी काढून तिचा स्वतंत्र व्हिडिओ केला. एका ठिकाणी त्यांनी डोळे उघडून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलंय. असं चित्र मागून मिळत नाही. पण ट्यूबलाइटमुळे चेहरा हिरवट आला होता. रंग काढून टाकला आणि चेहरा बोलायला लागला. सुरकुत्या, डोळ्यांतलं पाणी, जोडलेले हात. मागे लंकाबाईची जांभई दिसत होती, म्हणून अॅपमधली एक तयार चौकट लावून ती झाकली. चौकटीला कडेने पांढरी फुलं आहेत. खाली नाव टाकलं. शीर्षक दिलं, 'साळूबाईंनी देवाकडे काय मागितलं?'

चेहरा व्हिडिओत आहे. उत्तर व्हिडिओत आहे. दोन्ही नियम पाळले.

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी चहा घेता घेता अमृतने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे काय केलंस?" मला वाटलं कौतुक करतोय. व्हिडिओ हजारोंनी पाहिला होता.

मग खालच्या कमेंट वाचल्या. भावपूर्ण श्रद्धांजली. प्रभू त्यांना चिरविश्रांती देवो. आजी, तुमची प्रार्थना आता कोण करणार. पानभर जोडलेले हात.

चित्राकडे पुन्हा पाहिलं. काळापांढरा फोटो, भोवती पांढरी फुलं, खाली नाव. श्रीरामपूरच्या चौकाचौकांत असे फ्लेक्स लागलेले असतात. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर असा एक फोटो येतो, मी जोडलेले हात टाकते आणि पुढे जाते. इतक्या वेळा पाहिलेली गोष्ट मी स्वतः बनवली आणि मला ओळखता आली नाही. की ओळखायची नव्हती? मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. चौकट लावताना मनात आलं होतं की असं कुठेतरी पाहिलंय. आवडलं म्हणजे पाहिलेलं असणारच, एवढ्यावर सोडून दिलं होतं.

लगेच चित्र बदलायला घेतलं आणि थांबले. ज्या बाईला मेलेली दाखवलं तिला न सांगता बदलणं म्हणजे गुपचूप झाकणं. आधी त्यांना सांगायचं, मग बदलायचं.

३१ जानेवारी, शनिवार

साळूमावशी दारात मेथी निवडत बसल्या होत्या. मी चाचरत सांगितलं. त्या इतक्या हसल्या की मांडीवरची मेथी सांडली.

"मला मारलंस व्हय गं? आनि मला पत्त्या न्हाई."

मग म्हणाल्या, वाच काय काय म्हणत्यात ते. मी वाचत गेले. ज्यांनी गेल्या दहा वर्षांत त्यांना रामराम केला नसेल, त्यांनीही लिहिलं होतं. लंकाबाईच्या सुनेने लिहिलं होतं की अशी माऊली पुन्हा होणे नाही. मावशी एकेक ऐकून मान हलवत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. "लई चांगली हुती की मी," म्हणाल्या.

मी त्याच सुरात पुढचं वाचलं आणि वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. कल्याण उजागरे. फोटोच्या जागी मोटारसायकल. 'आई, माझं चुकलं. मी यायला पाहिजे होतं.'

मावशींच्या हातातली काडी तशीच राहिली. परत वाच म्हणाल्या. मी तीनदा वाचलं. मग मी सांगितलं की चित्र आजच बदलते, कल्याणलाही खरं कळवते. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डाव्या हाताला मधलं बोट नाही, कडबा कुट्टीच्या यंत्रात गेलेलं. पकड मात्र चांगली आहे.

"सा वर्सं मी जिती हुते, तर त्यानं फोन न्हाई केला. मेले तर आई म्हनला. राहू दे तसंच."

मी राहू दिलं. हे दयेपोटी केलं असं लिहावंसं वाटतंय. पण वाटेत येताना मी बघणाऱ्यांचा आकडा पाहिला, तो वाढला होता, आणि माझं पाऊल हलकं झालं.

८ फेब्रुवारी, रविवार

रोज कॉलेजहून आल्यावर त्यांच्याकडे जाते. कल्याण रोज एक आठवण लिहितो. ताप आला तेव्हा तिने त्याच्या कपाळावर ओला पदर ठेवून रात्र काढली. पाटाच्या कडेने शाळेला सोडायला यायची. दुसऱ्याच्या रानातले पेरू चोरले म्हणून तिने मारलं आणि मग स्वतःच रडली. मावशी डोळे मिटून ऐकतात. "पेरू न्हाई, सीताफळं," एवढीच दुरुस्ती केली. हे त्याला कळवू का, मी विचारलं. मेलेली बाई उत्तर देती व्हय, म्हणाल्या. दोघीही हसलो. घरी येताना मला हसू आठवलं आणि आवडलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज मी तिथे असतानाच अकोल्याकडून एक कुटुंब जीपने आलं. व्हिडिओ पाहून आले होते. साळूआजींचं घर कुठलं, असं विचारत थेट दारात उभे राहिले. मावशींनी त्यांना बसायला पोतं टाकलं, तांब्याभर पाणी दिलं. त्यातल्या बाईने भरल्या डोळ्यांनी आत पाहिलं, चूल, खाट, भिंतीवरचा क्रूस, आणि मावशींना विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "शेजारीन," म्हणाल्या.

चांगल्या होत्या का हो, त्या बाईने विचारलं. मावशींनी थोडा विचार केला. प्रार्थना लई लांबवायची, म्हणाल्या.

जाताना त्या लोकांनी उंबऱ्यावर मेणबत्ती लावली. फोटोतला चेहरा त्यांच्या मोबाईलवर होता आणि तोच चेहरा त्यांच्यापुढे दोन हातांवर होता. त्यांना दिसला नाही. मी हे अनेकदा उलटसुलट करून पाहिलं. रंगामुळे असेल. फोटोत रंग नव्हता.

२२ फेब्रुवारी, रविवार

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. साळूमावशींच्या उंबऱ्यावर आता रोज मेणबत्त्या असतात. कोण लावतं, कळत नाही. वस्तीतली मुलं त्या घरासमोरून पळत जातात.

लंकाबाई आज बोलता बोलता म्हणाली, "साळूबाई गेल्यापासनं चर्चमंदी गार गार वाटतं." मी म्हटलं, अहो, त्या तुमच्या पुढच्याच चटईवर बसल्या होत्या. ती गोंधळली. "व्हय की. मपल्या तोंडात कसं आलं." तिच्या पायात साळूमावशींच्या चपला होत्या. त्यांनीच दिल्या म्हणे, आता मला कुठं जायचंय म्हणाल्या.

मावशी हल्ली प्रार्थनेला उठत नाहीत. उपासना वेळेवर सुटते.

आत्ता वरची पानं वाचली. एका ठिकाणी मी 'साळूमावशी होत्या' असं लिहिलेलं सापडलं. खोडलं.

१ मार्च, रविवार

आज प्रभुभोजन होतं. सगळे गुडघे टेकून ओळीने बसलो होतो. पाळकसाहेब भाकरीची थाळी घेऊन आले. मला दिली, मग माझ्या शेजारच्या साळूमावशींना ओलांडून पलीकडच्या बाईला दिली. द्राक्षरसाच्या वेळीही तसंच. ते रागाने टाळत नव्हते. त्यांची नजर मावशींवरून गेली, जशी आपली नजर रिकाम्या जागेवरून जाते. मावशींनी पसरलेले हात सावकाश पदराखाली घेतले.

उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मी सगळ्यांना दिलं. मी पुन्हा सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते धावत मावशींकडे गेले, पण त्या निघून गेल्या होत्या. चित्र बदला, असं ते मला म्हणतील असं वाटलं. म्हणाले, "लोक मात्र वचन ऐकतायत हो, बाई." आणि थाळी पुसत राहिले.

भीती नेमकी कशाची वाटते, ते मला लिहिता येत नाही.

८ मार्च, रविवार

साळूमावशी उपासनेला आल्या नाहीत. कुणी विचारलंही नाही. मी गेले तर त्या चुलीपाशी जमिनीवर पडलेल्या, डोळे उघडे. मी ओरडले तेव्हा पापणी हलली. चूल दोन-तीन दिवस पेटलेली नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मागच्या महिन्यात होती तेवढीच. अमृतने मोटारसायकलवर डॉक्टरांना आणलं. सलाईन लावलं.

मावशी शुद्धीवर आल्यावर मी रागावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मेलेल्या बाईला गोळ्या कशाला? मी जगले तर त्याचं आईपन जाईल."

हे माझ्या चित्राने केलं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायला जागा नाही. आणखी एक महिना असाच गेला तर चित्र खरं होईल आणि माझा नियम आपोआप पाळला जाईल. हा विचार मनात आला आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले.

त्यांना सांगितलं की आज मी तुमचं ऐकणार नाही. मग कल्याणचं कालचं वाचून दाखवलं. त्याची मुलगी सृष्टी विचारते, आजी कशी बोलायची. मावशींनी माझ्याकडे मान वळवली.

"सांग त्याला," म्हणाल्या. "मी हाय."

१० मार्च, मंगळवार

नवा व्हिडिओ केला. भर उन्हात, त्यांच्या दारात, सगळ्या रंगांत. मी काही सुचवलं नाही. त्यांनी हात वर करून सांगितलं, "मी साळू रंगनाथ उजागरे. मी हाय. कल्याण, ये." पायांत चपला नव्हत्या. ऊन लागत होतं म्हणून पाय एकावर एक ठेवत होत्या. थंबनेलमध्ये कमरेवरचंच घेणार होते, चेहरा मोठा दिसतो. पण आता काहीही कापायचं नाही असं ठरवलंय, म्हणून पाय राहू दिले. शीर्षकात हातचं काही राखलं नाही. 'साळूबाई जिवंत आहेत.'

१२ मार्च, गुरुवार

कुणाचाही विश्वास बसलेला नाही.

पहिलीच कमेंट: एआयने बनवलंय. दुसरी: मेलेल्या म्हातारीला नाचवता, देवाची तरी भीती बाळगा. तिसरी: बोटं बघा, एआयला बोटं नीट जमत नाहीत, डाव्या हाताला चारच आहेत. त्याखाली शेकडो लोकांनी बोटं मोजली आहेत. कुणी हात मोठा करून, लाल गोल काढून तो फिरवला. अकोल्याच्या त्या बाईनेही लिहिलंय, आम्ही स्वतः घरी जाऊन आलो, तिथे फक्त शेजारीण राहते.

आणि कल्याण. 'माझ्या आईला असं हलवू नका. तिला झोपू द्या.'

मी सविस्तर उत्तर लिहिलं, माझा नंबर दिला. फोन आला नाही. बाकीच्यांचं मी समजू शकते, पण कुट्टीत बोट गेलं तेव्हा कल्याणनेच त्यांना सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं, मावशींनीच सांगितलंय. त्याला तरी चार बोटं खोटी वाटायला नको होती. दुःखात माणूस विसरत असेल.

मावशींना कल्याणचं वाचून दाखवलं. रडल्या नाहीत. त्याने व्हिडिओ सगळा बघितला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते कळत नाही.

१७ मार्च, मंगळवार

लंकाबाईचा भाचा कल्याणच्याच कंपनीत आहे. त्याच्याकडून नंबर मिळवला. दुपारी मावशींच्या खाटेवर बसून, स्पीकर लावून फोन केला. माझं नाव सांगितलं आणि मोबाईल त्यांच्या तोंडापाशी धरला.

"कल्याण," मावशी म्हणाल्या. तेवढंच.

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. एक लहान मुलगी काहीतरी म्हणत होती, ती गप्प झाली. मला वाटलं फोन कटला, पण श्वास ऐकू येत होता.

मग तो म्हणाला, "आवाजसुद्धा बनवता येतो आता." त्याने फोन ठेवला नाही. आम्ही तिघंही तसेच थांबलो. शेवटी हळू आवाजात बोलला, "गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा तिला." आणि कट झाला.

बनवलेल्या आवाजाला गोळ्या कशाला सांगायच्या? बोलायच्या सवयीने तोंडातून गेलं असेल. मी पुण्याला जाऊ या म्हटलं, समोर उभं राहिल्यावर तरी कळेल. मावशींनी मान हलवली. मी दारात उभी राह्यले तर पोरगी भिल, म्हणाल्या. आणि खाटेखालून गोळ्यांची पट्टी काढून एक गोळी तोंडात टाकली.

१९ मार्च, गुरुवार

त्यांनी सांगितलं म्हणून नवा व्हिडिओ काढून टाकला. जुना ठेवला. म्हणजे खरं पुसलं आणि खोटं राखलं, आणि दोन्ही वेळा मला वाटलं की मी त्यांचंच ऐकतेय. चूल मात्र पेटायला लागलीय. दोन भाकरी थापतात. रोज जाते, कल्याणचं वाचून दाखवते. तो हल्ली आठवणी लिहीत नाही. काल लिहिलं, 'आई, इकडे ऊन फार वाढलंय. दुपारी बाहेर पडत जाऊ नको.' मावशी दुपारी बाहेर पडत नाहीत.

४ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. प्रथेप्रमाणे सगळे कबरस्थानात चुना लावायला गेलो. साळूमावशी माझ्याबरोबर अनवाणीच आल्या. रंगनाथकाकांच्या कबरीशेजारी कोरी जागा आहे, त्यांच्यासाठीच ठेवलेली. त्या जागेभोवती कुणीतरी आधीच चुन्याची रेघ ओढली होती. बरोबर माणसाच्या मापाची. चारी कोपऱ्यांत झेंडू. मी एकेकाला विचारलं. कुणीच कबूल होईना, आणि विचारण्यासारखं काय आहे, असा सगळ्यांचा चेहरा. लंकाबाई म्हणाली, कोरी बरी दिसत न्हाई.

मावशींनी रेघेच्या आत पाऊल टाकलं, आजूबाजूला पाहिलं. "ऐसपैस हाय," म्हणाल्या.

कल्याणने आज लिहिलंय, 'उद्या पहाटे येतोय. आईबाबांच्या कबरीवर.' मी ते मावशींना वाचून दाखवलं. मी सांगितलं, उद्या मी त्याला हाताला धरून तुमच्यापुढे उभा करते. त्या म्हणाल्या, उद्या तू काय बोलू नको. शपथ घातली.

५ एप्रिल, ईस्टर

पहाटे गाणी म्हणत, मेणबत्त्या घेऊन गेलो तेव्हा साळूमावशी तिथे आधीच होत्या. पांढरं लुगडं, रंगनाथकाकांच्या क्रुसाला पाठ, रेघेच्या आत, पाय लांब करून बसलेल्या. लोक येत होते, कबरींवर मेणबत्त्या लावत होते, त्यांच्याभोवतीही लावत होते. लुगड्याला लागू नये म्हणून कुणी पदर सारत नव्हतं. कुणी 'जय ख्रिस्त' म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्या इतक्या ज्योतींच्या मधे बसल्या होत्या की मलाही त्यांच्याकडे सरळ बघवेना.

मंडळी पलीकडे उपासनेला उभी राहिली. पाळकसाहेबांनी मोबाईल लावला. मी मागे थांबले.

कल्याण बायको आणि मुलीला घेऊन आला. कानांवरचे केस पांढरे झालेत. आधी बापाच्या कबरीवर मेणबत्ती लावली. मग वळला, साळूमावशींकडे पाहिलं, आणि डोळे मिटून त्यांच्यापुढे गुडघे टेकले. आणि प्रार्थना करायला लागला. वस्तीतलं एकेक घर नावानिशी. लंकाबाईचं, आमचं, जे लोक मरून गेले त्यांचंही. श्वास घ्यायला थांबायचा आणि पुढचं घर सुरू व्हायचं. सगळ्यांत शेवटी म्हणाला, आणि आमचं घर, प्रभू. मावशींनी हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. चारही बोटं पसरलेली मला दिसली. त्याचे खांदे हलले. डोळे उघडले नाहीत.

मला ओरडून सांगायचं होतं. शपथ होती.

मुलगी म्हणाली, "पप्पा, आजी..." तिच्या आईने तिला जवळ ओढलं. मग कल्याणची बायको स्वतः पुढे आली. पूजा तिचं नाव. तिने मातीला नमस्कार केला नाही, मावशींच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ. मावशींनी पाय मागे घेतले नाहीत. उठताना तिने पायांशी फुलं आणि एक कापडी पिशवी ठेवली. तिघं आले तसे गेले. कल्याण फाटकापाशी थांबला, पण वळला नाही.

मी मावशींपाशी गेले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा हसरा होता. मी म्हटलं, मावशी, त्याला अजून कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे पाहते. पिशवीत कातडी चपला होत्या. नव्या कोऱ्या. मृतांसाठी चपला कुणी आणत नाही, आमच्यात तरी नाही. पूजाच्या माहेरी, काष्टीकडे, अशी काही रीत असेल. विचारायला हवं.

मावशींनी मेणबत्त्यांमधून पाय बाहेर काढले आणि चपला घातल्या. मापात बसल्या.

संध्याकाळी व्हिडिओ पाहिला. थंबनेलसाठी चित्र शोधत होते. मागच्या बाजूला कबरी दिसतात, चुन्याची रेघ दिसते, आतल्या मेणबत्त्या दिसतात. साळूमावशी कुठेच दिसत नाहीत. ज्योतींचा उजेड तिथे जास्त झाला असणार, मोबाईलच्या कॅमेऱ्याला असं होतं. चेहरा एकही निवडला नाही. माईक आणि पाळकसाहेबांची हनुवटी ठेवली. शीर्षक दिलं, 'उपासना, ५ एप्रिल'.

आवाज मात्र स्वच्छ आलाय. शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी सगळे गप्प असताना कबरींच्या मधून नव्या चपलांची करकर ऐकू येते. कॅमेऱ्यासमोरून जाते, फाटकापर्यंत जाते, आणि पुढे वस्तीच्या वाटेला लागते. माणूस दिसत नाही.